गेलेल्या बाईच्या पत्त्यावरून आलेली उत्तरं

निवृत्तीनंतर बऱ्याच प्रकरणांचे तपशील पुसट झाले. हे एक मात्र डोक्यातून जात नाही. त्यात नेमकं काय घडतंय, हेच मला बरेच दिवस कळत नव्हतं.

ठाण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात बाळकुमला राहणारे एक निवृत्त शिक्षक आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं वरखाली लागलेली.

"साहेब, माझ्या बायकोच्या नावाने कुणीतरी ईमेल पाठवतंय."

"त्यांना विचारलंत?"

"ती गेल्या वर्षी वारली."

त्यांची मेव्हणी आंबिवलीला एकटी राहत होती. जेवताना ती सहज म्हणाली होती, "ताईचं उत्तर येतं मला." बहीण गेल्याचा धक्का असेल, असं त्यांना वाटलं. मग तिने फोन दाखवला. पत्ता खरोखर त्यांच्या पत्नीचाच होता. 'नीट जेवत जा', 'थोडा वेळ गच्चीत जाऊन बस', असले दोन-दोन ओळींचे मेल.

मी लेखी अर्ज घेतला आणि चौकशी सुरू केली. पहिला संशय मेव्हणीवरच होता. एकटी माणसं स्वतःलाच पत्रं लिहितात, हे मी पाहिलेलं आहे. तिला बोलावलं. ती शांतपणे म्हणाली, "मी ताईला लिहिते. उत्तर येतं. कोण देतं, ते मला जाणून घ्यायचं नाही." माझा गोंधळ आणखी वाढला.

मग मुलगा. आईचं खातं त्यानेच उघडून दिलं होतं, पासवर्ड त्याला माहीत होता. तो भडकलाच. "आई गेल्यापासून मी तिचा नंबरसुद्धा डिलीट केलेला नाही. तिच्या नावाने मावशीला फसवीन मी?" खोटा राग मला ओळखता येतो. हा खोटा नव्हता.

सायबर विभागाचं उत्तर आलं. खातं डोंबिवलीतल्या एका घरातून उघडलं जात होतं. त्या घरातल्यांची नावं शिक्षक, मुलगा, मेव्हणी तिघांना वाचून दाखवली, तर कुणीच ओळखेना.

मी शिक्षकांना विचारलं, "बाई मेल कशावर बघायच्या?"

"घरच्या कॉम्प्युटरवर. तो तर मी देऊन टाकला. डोंबिवलीच्या एका दुकानात दिला आणि लॅपटॉप घेतला." बोलता बोलता त्यांनी पाकिटातून दुकानाची पावती काढली.

दुकानदार आधी म्हणाला, "आम्ही सगळं पुसूनच देतो, साहेब." पुन्हा विचारल्यावर मान खाली गेली. "घाईत होतो. चालू होता, तसाच दिला."

तो कॉम्प्युटर विकत घेणारी बाई पस्तिशीची, घरून टायपिंगची कामं करणारी. तिने काही लपवलं नाही.

"मेल उघडायला गेले की त्यांचंच खातं उघडायचं. पासवर्ड विचारायचाच नाही. मी लगेच बंद करायचे. एकदा वरचीच ओळ दिसली. 'ताई, आता जगावंसं वाटत नाही.' मी काय करायचं होतं?"

"पोलिसांना कळवायचं."

"काय सांगून, साहेब? कुठली बाई, कुठे राहते, काही माहीत नव्हतं. मी लिहिलं, आज जेवून घे, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'जेवले.'"

मी ते तसंच जबाबात लिहून घेतलं.

त्याच कॉम्प्युटरवर नवरा-बायकोची आधार कार्डं, पॅन, पेन्शनचे कागद एकाच फोल्डरमध्ये होते. बँकेचा पासवर्डही ब्राउझरने जपून ठेवलेला. आम्ही तपासलं, तिने त्यातल्या कशालाही हात लावला नव्हता. दुसरा कुणी असता तर शिक्षक पार लुबाडले गेले असते.

ठाण्यात सगळे समोरासमोर आले. गुन्हा दाखल कराच, असा शिक्षकांचा आग्रह होता. मी त्यांना तो एक मेल वाचायला दिला. ते खुर्चीत बसले. "दर रविवारी भेटत होतो आम्ही. कळलं नाही." मेव्हणी उठली, त्या बाईजवळ गेली आणि म्हणाली, "तुझं नाव काय गं?"

वरिष्ठांशी बोलून, जबाब नोंदवून आणि त्या बाईला कडक समज देऊन अर्ज निकाली काढला. कॉम्प्युटर पंचांसमोर कोरा केला.

तेव्हापासून सोसायट्यांच्या बैठकीत मी सांगतो: जुना कॉम्प्युटर देण्याआधी प्रत्येक खात्यातून बाहेर पडा, साठवलेले पासवर्ड काढा आणि डिस्क स्वतः उभं राहून पुसून घ्या. ब्राउझरला बँकेचा पासवर्ड जपायला सांगू नका. घरातलं माणूस गेलं की त्याच्या खात्यांचं काय करायचं, ते ठरवा. हे मी ठामपणे सांगू शकतो. ती बाई गुन्हेगार होती की नाही, हे मात्र सांगू शकत नाही.

काही दिवसांनी शिक्षक पुन्हा आले. पत्नीच्या खात्याचा पासवर्ड त्यांनी बदलला होता. "साहेब, आता ते मेल मी वाचू का? आले तिच्या पत्त्यावर, पण लिहिलेत तिच्या बहिणीने."

"जिने लिहिले, तिलाच विचारा," म्हणालो.

त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"वाचा की, भाऊजी. पण मग उत्तरही द्या."