गवत कापायचं यंत्र आणि आईची वाडी

लिहायला बसलोय खरा, पण हे आपलं काम आहे का, ही शंका अजून जात नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे गावात कुणाचा अर्ज असो की कुणाच्या लग्नपत्रिकेचा मजकूर, तो माझ्याकडे यायचा आणि मी भीतभीत करून द्यायचो. स्वतःचं असं कधी काही लिहिलं नाही. तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. यंत्राविषयी काही चुकलं तर तेही. मी सायन्सला होतो, पण यंत्र म्हणून जे काही शिकलो ते घरामागच्या पडवीत, आणि तेही अर्धवट.

आमचं घर खाडीकाठच्या नवघरला. वडील मिठागरावर जायचे. घरामागे विहीर, आणि विहिरीपलीकडे आईची वाडी. वांगी, मिरची, भेंडी आणि कडेने मोगरा. वाडी आईची, असं कुणी कागदावर लिहून दिलं नव्हतं, पण तिथलं फूलही तिला विचारल्याशिवाय कुणी तोडत नसे.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आईचा उजवा खांदा निखळला. हाडवैद्याने तो बसवून दिला, पण बजावलं की यापुढे झारी उचलायची नाही आणि रहाटाला हात लावायचा नाही. दोन हातांत दोन झाऱ्या घेऊन वाफ्यावाफ्याने पाणी घालायचं, हेच तर वाडीचं काम. गडी ठेवावा म्हटलं, तर मिठाचा हंगाम आणि वाडीला पाणी लागायचे दिवस एकच. गावातला प्रत्येक धडधाकट माणूस तेव्हा मिठाच्या आगरात. एका गवताच्या व्यापाऱ्याला गंज्या रचायला जागा हवीच होती. वाडीच्या जागेचा जबाब पाडव्याला देतो, असं वडिलांनी त्याला सांगितलं.  त्यानंतर आई संध्याकाळी वाडीत जाऊन नुसती बसू लागली. आईला नुसती बसलेली आम्ही त्याआधी कधी पाहिली नव्हती.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. तो आमच्याच घरात राहायचा, कारखान्यात फिटरचा मदतनीस होता आणि कुठलीही मोडकी वस्तू पाहिली की त्याचे हात शिवशिवायचे. एका रविवारी तो मला भंगारवाल्याकडे घेऊन गेला. तिथे एका बंगल्यातून आलेलं, हिरवळ कापायचं पेट्रोलवरचं यंत्र पडलं होतं. पाती गंजून एकमेकांना चिकटलेली, पण वरचं इंजिन शाबूत दिसत होतं.

भंगारवाला म्हणाला, "ले जाव, मगर चलेगा नहीं."

काका म्हणाला, "चलाना किसको है? एक जगह बैठके पानी खींचेगा."

हातगाडीवरून ते घरी आलं तेव्हा वडील ओटीवर बसले होते. त्यांनी ते मागून पुढून पाहिलं.

"आपल्याकं गवताचं पान न्हाय," ते म्हणाले, "आनि ह्यो गवत कापाचं मशीन घेऊन आला."

आई आतून म्हणाली, "गवत येनारच हाय ना. व्यापाऱ्याचं."

हसावं की नाही हे कुणालाच कळलं नाही. पण त्या दिवसापासून फावडी आणि दंताळी ठेवायची पडवी आमचं वर्कशॉप झाली.

ते दिवस आठवले की मला अजून रॉकेलचा वास येतो, आणि बरं वाटतं. मी कॉलेजातून यायचो, काका कारखान्यातून, आणि चहा तसाच हातात घेऊन आम्ही पडवीत शिरायचो. इंजिनाचा एकेक भाग रॉकेलात भिजवून जुन्या धोतराच्या तुकड्यावर मांडायचो. कार्बोरेटरचं बारीक भोक तुंबलं होतं, ते आईच्या स्टोव्हच्या पिनेनं मोकळं केलं. आत पितळेचा एक पोकळ तरंगता गोळा असतो, तो वर आला की पेट्रोल बंद होतं. आमचा गोळा बुडत होता. कुठे भोक आहे ते कळेना, तेव्हा काकाने तो उकळत्या पाण्यात टाकला. एका जागेवरून बुडबुडे आले. तिथे कथील वितळवून डाख लावला.

"भांडं चहाचं घेतलंस ना?" आईने विचारलं.

"धुऊन ठेवलंय, वहिनी."

"उद्या तुलाच त्यातला चहा."

"साखर जरा जास्त घाल मग."

पंप भंगारातलाच. पट्टा भाताच्या गिरणीतून टाकून दिलेला, तो कापून शिवला. विहिरीत सोडायची जाड रबरी नळी समुद्रकाठच्या पालीहून आणली, एका मच्छीमाराच्या होडीवरची जुनी. तिला येणारा वास शेवटपर्यंत गेला नाही आणि मांजरं सारखी विहिरीभोवती घुटमळायची.

पहिल्या दिवशी दोरी ओढून ओढून हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाने प्लग काढून चुलीच्या निखाऱ्यावर तापवला, बसवला, आणि मला म्हणाला, "तू ओढ. कॉलेजवाल्याच्या हाताला यश असतं म्हणतात." मी ओढली. इंजिन खोकलं, थांबलं, आणि मग एकदम फटफट सुरू झालं. पाइपातून आधी वारा आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि वाफ्यात उतरली. पायाने माती सारून ती पाण्याला वाट करून देत होती, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात. खांद्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी इंजिन बंद करायला कुणाचं मन होईना. शेजारच्या बायका हंडे घेऊन आल्या. मुलं पाइपाखाली नाचली. वडील आगरातून आले, पायांवर मिठाची पुटं तशीच, आणि त्यांनीही पाय पाण्याखाली धरले. दुसऱ्या दिवशीही तेच. जत्राच होती.

तिसऱ्या दिवशी वांग्याची पानं कडेने करपलेली दिसली. वडिलांनी पाइपाचं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात घोळवलं आणि थुंकलं.

"खारं."

आम्ही सगळ्यांनी एकेक घोट घेऊन पाहिला. खारंच होतं. खाडीकाठच्या विहिरीत गोडं पाणी वर तरंगतं आणि त्याच्या खाली खारं असतं. रहाटाने हळूहळू काढलं तर वरचं गोडं तेवढंच येतं. आमच्या पंपाने दोन दिवसांत गोड्याचा थर ओढून संपवला होता. मीठ पिकवणाऱ्यांच्या गावात हे न कळणारा एकही माणूस नव्हता, पण पाणी वाहताना पाहून कुणालाच ते आठवलं नव्हतं.

 मग वडील हसायला लागले. "जल्म गेला खारं पानी आगरात घेन्यात. आता वाडीत पन घेतलं."

आई मात्र हसली नाही. करपलेलं पान ती बोटांत धरून होती. पाडवा जवळ येत होता.

विहिरीला विश्रांती देण्यावाचून इलाज नव्हता. तोवर शेजारच्या बायकांनी आपापल्या विहिरींचं पाणी आणून वाडीत घातलं. "तुमचं नेलं, तेच परत आनलं," असं म्हणत त्या हंडे ओतायच्या आणि आईला हात लावू द्यायच्या नाहीत. इकडे आम्ही कार्बोरेटरमधल्या तरंगत्या गोळ्याचीच युक्ती विहिरीत वापरायचं ठरवलं. वनस्पती तुपाचा रिकामा डबा डाख लावून बंद केला आणि नळीचं तोंड त्याला असं बांधलं की ते कायम पाण्याच्या वरच्या थरातच राहील. पंपाला मोठं चाक बसवलं, म्हणजे तो हळू फिरेल. वडिलांनी नियम घातला: रोज एका सरीपुरतं पाणी, मग इंजिन बंद, कोणीही कितीही विनवलं तरी.

पण ते चालवून पाहायच्या आधीच मला परीक्षेसाठी दादरला मामाकडे जावं लागलं. तिथे विजेचा दिवा होता, टेबल होतं, आणि पुस्तकात एकही ओळ वाचता येत नव्हती. पाडव्याला मामीने श्रीखंड वाढलं. आता घरी तो व्यापारी आला असेल, एवढंच माझ्या डोक्यात. कुणाकडून काही कळेना.

पाडवा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी काका दारात उभा राहिला, कारखान्याच्या कपड्यांतच.

"पेपर कसे?" त्याने विचारलं.

"काका, आधी वाडीचं सांग."

तो मुद्दाम सावकाश बसला, मामीकडून पाणी मागून घेतलं.

"व्यापारी आला होता," तो म्हणाला. "वहिनीने त्याला पंपाने काढलेलं विहिरीचं पाणी दिलं, तुझ्या बापाच्या देखत. त्याने तांब्या संपवला. मग म्हणाला, अजून एक द्या, उन्हातून आलोय. तिसरा मागितला तेव्हा तुझा बाप म्हणाला, शेट, पानी पाहिजे तेवढं घ्या, जागा न्हाय मिळनार."

मी पुस्तक मिटलं.

"आणि वहिनीने सांगितलंय," काका म्हणाला, "परीक्षा झाली की येताना दादरच्या बाजारातून काकडीचं बी आण. मोगऱ्यापलीकडची जागाही ती खणायला लागलीय. म्हणजे खणतोय मी. ती उभी राहून सांगतेय."