मुखवट्यातून दिसलेला खांब

आधीच सांगतो, भूतबित, भास, दृष्टांत यातलं मी काही मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील वाशिमच्या बाजार समितीत मापाडी होते. काट्यावर दिसेल तेवढंच खरं, ही त्यांची शिकवण. पण ही गोष्ट काट्यावर ठेवता येत नाही...

ऐंशीच्या दशकाचा मध्य. अमेरिकेत ॲन आर्बरला मी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करत होतो. एका जानेवारीत कॅम्पसची बस चुकली आणि थंडीतून वाचायला मी संगीत विभागाच्या इमारतीत शिरलो. आतून आवाज येत होता – संथ, खोल, बेंबीच्या देठापासून काढलेला. आमच्या गावचे भजनीबुवा असाच आवाज लावायचे. मी दार ढकललं.

साठीच्या एक जपानी बाई चार-पाच विद्यार्थ्यांना ‘नो’ शिकवत होत्या. नो म्हणजे जपानचं जुनं नाट्य, त्यातलं गायन आणि अतिशय संथ नृत्य. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, “बूट काढ. बस.” त्या दिवसापासून त्या माझ्या सेन्सेई, म्हणजे गुरू. परक्या देशात मला इतक्या सहज कुणी आत घेतलं नव्हतं.

माझा रूममेट सुहास पुण्याचा. तो रोज टोमणे मारायचा. “अरे यार, बाप तिकडे पोती मोजतोय आणि तू इकडे पंखा घेऊन नाचतोयस? आणि नाचतोस तरी कुठे? नुसता पाय सरकवतोस!”

“पाय उचलायचा नसतोच. घासत न्यायचा.”

“मग लादी पुसायला सांग ना त्यांना, दोन्ही कामं होतील.”

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेन्सेई कायमच्या जपानला परत जाणार होत्या. गुडघा गेला होता, त्यामुळे निरोपाच्या कार्यक्रमातलं मुख्य नृत्य त्यांनी मला दिलं. आणि स्वतःच्या गुरूंचा मुखवटाही. नवशिक्याला मुखवटा कुणी देत नाही. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, “तुझे पाय जमीन सोडत नाहीत. म्हणून देतेय. पडलास तर मात्र तोंडावर पडू नकोस.” त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मुखवट्याची डोळ्यांची भोकं वाटाण्याएवढी. स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. म्हणूनच नोच्या स्टेजला कोपऱ्यांत खांब असतात. पुढच्या खांबाकडे बघत चालायचं, त्याच्यापाशी थांबायचं, वळायचं. आमच्या हॉलमध्ये असे खांब कुठले? थिएटरच्या मुलांनी पुठ्ठ्याचं जाड नळकांडं तपकिरी रंगवून पुढे उभं केलं होतं. त्याच्यापलीकडे स्टेज संपायचं आणि वादकांचा खोल खड्डा सुरू व्हायचा.

रविवार दुपारचा कार्यक्रम. सेन्सेई मागे गाणाऱ्यांमध्ये बसल्या. मी पंखा उघडून पुढे सरकायला लागलो. मुखवट्यातून समोर खांब दिसत होता. पण रंगवलेलं नळकांडं नव्हतं ते. कोरं लाकूड होतं, उभ्या रेषा स्पष्ट, नजरेच्या उंचीवर डाव्या बाजूला एक काळसर गाठ. ‘कुणीतरी नवीन बनवला वाटतं, छान झालाय,’ असंही मनात येऊन गेलं. त्याच्यापाशी थांबलो, वळलो, नाच पूर्ण केला.

आत आल्यावर मुखवटा उतरवला. सुहास धावत आला. चेहरा पांढराफटक.

“तुला दिसलं कसं रे?”

“काय?”

“कडा! दोन बोटं राहिली होती!”

मी बाहेर जाऊन बघितलं. पुढे खांब नव्हताच. स्टेज मॅनेजर केव्हिन निवांतपणे म्हणाला, “तो पुढच्या रांगेच्या आड येत होता, म्हणून सकाळी काढला. डोन्ट वरी, खाली टेप लावली होती.” टेप! जमिनीवर! त्याला वाटलं, खांब म्हणजे सजावट. सुहासला नुसती माझी पावलं आणि खड्डा दिसत होता. सेन्सेई मागे उठायला धडपडत होत्या, गुडघा साथ देत नव्हता, हेही त्यानेच सांगितलं.

सेन्सेई मुखवटा रेशमी कापडात गुंडाळत होत्या. मी खांबाचं सांगितलं. त्या थांबल्या.

“लाकडाला गाठ होती?”

“हो.”

“उजवीकडे?”

“नाही. डावीकडे.”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. “माझ्या गुरूंच्या स्टेजचा खांब. मी लहानपणी त्याच्यापाशीच वळायला शिकले,” म्हणाल्या, आणि कापडाची गाठ मारली. पुढे विचारायचं मला धाडस झालं नाही.

सुहास म्हणतो, सवयीने मेंदूने खांब दाखवला. मान्य. पण मग पुठ्ठ्याचा दाखवायला हवा होता ना? रोज मी तोच बघत होतो. त्या लाकडाविषयी, त्या गाठीविषयी मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

पुढे रिटायर होईपर्यंत मी कितीतरी इमारतींचे खांब डिझाइन केले. कुठल्या खांबावर किती भार येईल, ते आजही सांगू शकतो. या एका खांबाचं गणित मात्र मांडता आलेलं नाही. तो तिथे नव्हता, हे मला मान्य आहे. आणि मी त्याच्यापाशी थांबलो, हेही.