ड्रोनच्या डोळ्याला कुंकू

विमानाला कुंकू कुठे लावतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खंडेनवमीला सून मला वाघोलीला, तिच्या कारखान्यात पूजेला घेऊन गेली. तिथे लष्करासाठी ड्रोन बनतात, आणि त्यांच्या कॅमेऱ्याचं काम तिच्याकडे. आम्ही कोथरूडची माणसं, फार तर स्कूटरला झेंडूचा हार घालणारी. पाटावर ते चार पंख्यांचं ध्यान बसवलं होतं. मी हार घातला, ओवाळलं आणि पुढे कपाळासारखं गोल काहीतरी दिसलं, तिथे कुंकवाचं बोट टेकवलं.

"अहो आई, तिथे नको!" सून केवढ्यांदा ओरडली!

"मग कुठे, शेपटीला?" मी म्हटलं.

सगळे हसले. ती मात्र रडकुंडीला आली होती. तो कॅमेऱ्याचा डोळा होता म्हणे. मऊ फडक्यानं पुसून, बिघडला तर नाही ना हे बघायला तिनं कॅमेरा चालू केला आणि खोलीतले दिवे घालवले. मिट्ट काळोख. आणि समोरच्या पडद्यावर आम्ही सगळे, पांढरेफटक! अगं बाई, माझे हललेले ओठसुद्धा दिसत होते. मी दचकून सतरंजीवरून उठले, बाजूला झाले. तर मी बसले होते तिथे पांढरा डाग तसाच.

"हे काय गं?"

"तुमची ऊब, आई. हा डोळा उजेड नाही, ऊब बघतो. माणूस उठून गेला तरी थोडा वेळ राहते. इथे कुणीतरी होतं, हे त्यावरून कळतं." किती हौसेनं सांगत होती!

माझा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, सीमेवर बर्फातल्या चौकीवर आहे. दर फोनला म्हणतो, "आई, रात्री इथे इतका काळोख असतो, की आमचा हात आम्हाला दिसत नाही. आम्ही कुणाला दिसणार?" त्या काळोखाच्या भरवशावर मी आजवर झोपत आले. मूर्खच मी!

"असला डोळा पलीकडच्यांकडेही असेल?"

पडद्यावर तिचे पांढरे ओठ हलले. "असणारच ना, आई."

"आणि तुला झोप लागते?"

"नाही लागत. म्हणून तर रविवारीही इथे येते."

दिवे लागले, पेढे वाटले. माझा पेढा हातातच राहिला.

संध्याकाळी त्याचा फोन आला. कुंकवाची गोष्ट ऐकून खदखदून हसला. थंडी फार आहे म्हणाला. फोन ठेवताना मी त्याला दरवेळी एकच सांगते, 'स्वेटर घाल, उबेत राहा.' आज ते ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. सून समोर उभी होती. तिला कळलं, आणि तिनं मान फिरवली.

"काय गं आई," तो म्हणाला, "आज स्वेटर घाल म्हणाली नाहीस?"