चुंबकाचं कुलूप आणि नवमीचं पान

धारला मी जन्मभर मोटर वाइंडिंगचं काम केलं. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची. वेढे बायको मोजायची, मी मोजले की चुकायचे. शाळा फार झाली नाही, पण चुंबक मला कळतो. लोखंडाभोवती तार गुंडाळा, तिच्यात करंट सोडा, लोखंड चुंबक होतं. करंट बंद, की धरलेलं सोडून देतं. दाराची घंटा, शेतातल्या पंपाचा स्टार्टर, पंखा, सगळं ह्याच्यावरच चालतं.

बायको गेली आणि मुलानं मला देवासच्या फ्लॅटवर आणलं. मी दोनदा न सांगता धारला निघालो. दुसऱ्यांदा इंदूरच्या बसस्टँडवर शुगर उतरली आणि पडलो. मग मुलानं दाराला चुंबकाचं कुलूप लावलं. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. आतून उघडायचं बटन काढून टाकलं, जुना कडी-कोयंडाही काढला. उघडायचं ते त्याच्या मोबाइलवरून. लावणारा म्हणाला, "बाबूजी, चार पहलवान खींचे तो भी नी खुले." मुलाला बरं वाटलं. मला काय वाटलं ते कुणी विचारलं नाही.

पितृपक्षात अविधवा नवमी आली. बायको सवाष्ण गेली, तिचं पान त्याच दिवशी वाढायचं आणि सवाष्ण जेवू घालायची. धारची शेजारीण, बायकोची मैत्रीण, स्वयंपाक करून स्वतः जेवायला बसणार होती. मुलगा म्हणाला, रविवारी गाडीनं जाऊ. नवमी काय रविवारपर्यंत थांबते? तर म्हणे इथंच करू. ह्या फ्लॅटमध्ये ती एकदाही जेवली नाही.

मुलगा-सून नोकरीवर गेली. मी पिशवीत शेजारणीला द्यायची साडी आणि पाण्याची बाटली घातली, मेन स्विच पाडला, दार ढकललं. ढिम्म. वर पंखा फिरतच होता. इन्व्हर्टर विसरलो होतो. त्याची वायर उपटली तेव्हा दार सुटलं.

जिन्यापर्यंत गेलो तर मागं दार उघडं पडलं. लोटलं, परत उघडलं. करंट असला की मी आत कोंडलेला, नसला की घर उघडं. सुनेचे दागिने कपाटात, समोरच्या फ्लॅटला कुलूप. दाराला बाहेरून पाठ लावून पायरीवर बसलो आणि मुलाला फोन केला. हलू नका, येतो, म्हणाला. बस गेली असणार.

दुपारी शेजारणीचा फोन आला. "भावजी, पान वाढलंय. पाणी तुम्हीच सोडायचं. कुठवर आलात?"

"कुठं येतोय, वहिनी. घर उघडं टाकता येत नाही, कोंडलंय मला."

"मी फोन पानाशी ठेवते. तिथूनच सोडा."

बाटलीतलं पाणी हातावर घेतलं, बायकोचं नाव घेतलं आणि पायरीवर सोडलं. पोचतं का, ठाऊक नाही. तिकडून ती कावळ्याला बोलावताना ऐकू आली.

मुलगा आला, ओली पायरी चुकवून पिशवीत डोकावला. साडी बघून म्हणाला, "रविवारी नेऊन देऊ, बाबा."

"आधी बटन बसव," मी म्हटलं.

त्यानं पिशवी उचलली. मला हात धरून आत घेतलं, वायर जोडली आणि दार चिकटलं.