देवकीवहिनीच्या लांब देठाच्या शेंगा

आमोण्याची आमची शेजारीण देवकीवहिनी देवाला फुले घाईघाईत वाहते, पण अळसांद्याच्या रोपापुढे बसली की उठायचे नाव नाही. अळसांदे म्हणजे आमची गोव्याची टपोरी चवळी. सगळे शेतकरी दाणा बघतात, शेंगेची लांबी बघतात. ही बाई शेंगेचा देठ बघते! एका रोपाचे देठ चांगले लांब निघाले आणि शेंगा पानांच्या वर येऊन डोलू लागल्या, तेव्हापासून दर हंगामाला तसल्याच रोपांचे बी ती निवडत आली. "ओलीत लोळत नाहीत, कुजत नाहीत, म्हणून हाताला जास्त लागतात," असे ती भेटेल त्याला ऐकवायची. लोक मान डोलवायचे आणि वळणावर जाऊन हसायचे.

गेल्या चतुर्थीला तिच्या नवऱ्याने, गोकुळदासने, कहर केला. गणपतीच्या डोक्यावर फळाशेंगांची माटोळी बांधताना चुलीवर धुराला टांगलेला वहिनीच्या बियाण्याचा अख्खा घोस त्याने खुशाल तिच्यात बांधला. वर म्हणतो, "दिसता किती सोबीत!" माटोळीला लागले ते देवाचे झाले, विसर्जनापर्यंत सोडायचे नाही. वहिनी दीड दिवस आरती म्हणत होती, डोळे मात्र घोसावर. विसर्जनाला ती नदीवर गेली आणि तेवढ्यात या उदार माणसाने माटोळीचा प्रसाद शेजारी वाटूनही टाकला. घोस कोणाला दिला, हे त्याला थेट दुसऱ्या सकाळी आठवले.

घोस गेला होता शेजारच्या शांताकडे. वहिनी पदर खोचून तिकडे धावली. शांताने अळसांदे तोणाकासाठी, म्हणजे वाटणाच्या रश्श्यासाठी, रात्रीच भिजत घातले होते.

"चुलीर घालूं नाका गो!"

"अगो, प्रसाद तो!"

"प्रसाद म्हणूनच मागतां!"

शांताने दाणे परत दिले, पण भिजलेले बी पुढच्या हंगामासाठी ठेवता येईना. अळसांदे भात कापल्यावर पेरायचे, हे पोरासोरांनाही ठाऊक. तरी वहिनीने भर पावसात परसात पेरले. गोकुळदासने ईर्ष्येने शेजारी घरचे नेहमीचे बी टाकले. शेंगा भरल्या आणि परतीच्या पावसाने असे झोडपले की विचारू नका. गोकुळदासच्या शेंगा पानांखाली काळ्या पडल्या. वहिनीच्या शेंगा मात्र पानांच्या वर, वाऱ्यावर सुकून खुळखुळत होत्या! तिने गोकुळदासला हाताला धरून परसात चक्क फुगडी घातली. मी कुंपणावरून टाळ्या पिटल्या. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

यंदा चतुर्थीला माटोळीचा घोस वहिनीने स्वतःच बांधला आणि हसणाऱ्या सगळ्यांना ओंजळभर बी वाटले. शांताची ओंजळ भरताना मात्र तिने बजावले, "भिजत घातलेंस जाल्यार बघ हां!"