न संपणाऱ्या कागदाची वेल

नणंद आहे म्हणून वहिनीचं कौतुक करतेय, असं कुणी म्हणायला नको. नणंद असून करतेय, हे लक्षात घ्या. आमच्या घरात तोंडावर चांगलं बोलायची पद्धत नाही, आणि मला तर मुळीच नाही. पण खरं ते सांगायला काय जातंय?

माझ्या थोरल्या भावाची ही बायको एका छापखान्यात नक्षी काढते. आमंत्रणं, शुभेच्छापत्रं, मानपत्रं यांच्या कडेनं वेलबुट्टी असते ना, ती. हातानं, ब्रशनं. छापखान्यात सगळे तिला नक्षीताई म्हणतात, मालकसुद्धा. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. पण एकदा ब्रश कागदावर टेकला, की बाजूला भांडी आपटा नाहीतर माणसं, तिची रेघ हलायची नाही.

तर झालं असं, की लोकांनी कार्डं छापणं सोडलं आणि ईमेल धाडायला सुरुवात केली. नक्षीच्या टेबलावर काम येईना. मालक माणूस वाईट नाही, उगाच कशाला बोला. तो म्हणाला, "नक्षीताई, तुम्हाला काढत नाही. खाली बाइंडिंगमध्ये या. पगार तोच."

पगार तोच! वहिनी घरी आली ती चप्पल एकीकडे आणि पिशवी दुसरीकडे टाकून. "वन्सं, हातात ब्रशच्या जागी खळीचा डबा देणार आहेत. त्यापेक्षा घरी बसेन." घरी ती बसली असती तर माझ्या भावाचं काय झालं असतं, ते एक देवच जाणे.

त्याच सुमारास निवृत्त नर्सबाया छापखान्यात आल्या. त्यांच्या जुन्या मेट्रनबाई ऐंशी वर्षांच्या होणार होत्या आणि सगळ्या जणी भेटणार होत्या. निम्म्या परगावी, काही परदेशी, म्हणून आमंत्रण ईमेलनंच. "पण कोरडं नको हो. पूर्वी पत्राच्या कागदाला कडेनं फुलं असायची, तसं हवं."

मालक नाही म्हणायच्या बेतात होता. वहिनी टेबलावरूनच ओरडली, "करते!"

मालकानं तिला बाजूला घेतलं. "जमलं तर टेबल राहील. नाही जमलं तर मुकाट्यानं बाइंडिंग. कबूल?"

"कबूल," म्हणाली. ईमेलची नक्षी कशाशी खातात हे तिला ठाऊक नव्हतं.

तिनं निळ्या फुलांची वेल काढली, चारी बाजूंनी चौकट. चारही कोपऱ्यांत वेल अशी वळवली होती, की बघत राहावं. त्यांच्या छापखान्यात नव्या माणसाला आधी सरळ रेघ शिकवतात आणि कोपरा सगळ्यात शेवटी. कोपऱ्यावरून कारागीर ओळखायचा, अशी त्यांची रीत. मग चित्र स्कॅन करून ईमेलच्या पाठीमागे बसवलं, वर मजकूर टाकला आणि नमुना पाठवला मला. मी मालवाहतुकीच्या ऑफिसात बुकिंगला बसते, दिवसभर ईमेलच उघडते.

उघडला आणि मला हसू आवरेना. खालची कड बरोबर मेट्रनबाईंच्या नावावरून आडवी गेली होती. तिच्याखाली पुन्हा वरची कड सुरू. माझा स्क्रीन रुंद, तर उजवीकडेही आणखी एक चौकट डोकावत होती. मी फोन लावला. "वहिनी, तुझ्या वेलीनं मेट्रनबाईंचा गळा आवळलाय गं!"

"काहीतरीच! माझ्याकडे अगदी नीट दिसतंय." आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्या ऑफिसात हजर. माझ्या खुर्चीत बसली, मला उभं ठेवलं, आणि बराच वेळ ते ईमेल वरखाली करत राहिली. छापखान्यात तिनं थोडकाच मजकूर टाकून पाहिला होता, म्हणून तिथं चौकट पुरली होती.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "कागद कुठंतरी संपतो. हा संपतच नाही."

तेच खरं होतं. ईमेलचा कागद मजकुराएवढा लांबत जातो, आणि पाठीमागचं चित्र पुरलं नाही की फरशी बसवावी तसं तेच पुन्हा, पुन्हा. उभ्या आयुष्यात तिनं काम सुरू करताना आधी चार कोपरे आखले होते. इथं कोपऱ्यांनीच घात केला.

घरी येऊन ती जेवली नाही. ज्या कोपऱ्यांसाठी लोक तिचं नाव घेत, तेच टाकायचे म्हणजे काय? भाऊ म्हणाला, "मग टाक ना!" त्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते इथं सांगण्यासारखं नाही. पण सकाळी उठून पाहते तर बाई कामाला लागलेली. आता फक्त डाव्या कडेनं वर चढणारी एकच वेल. तिचं वरचं टोक खालच्या टोकाशी असं जुळवलेलं, की एकाखाली एक कितीही तुकडे बसवा, सांधा दिसू नये. आणि उजवीकडे पांढरी जागा इतकी लांब सोडली, की कितीही रुंद स्क्रीनवर दुसरी वेल उगवू नये.

मला वाटलं, झालं. कसलं झालं! छापखान्यात त्यांचा आणखी एक दंडक आहे: प्रूफ आपल्या दिव्याखाली पास करायचं नाही, गिऱ्हाइकाच्या उजेडात नेऊन बघायचं. वहिनी म्हणाली, "मग हेही दुसऱ्यांच्या घरी जाऊन बघायचं." आणि मला घेऊन दारोदार निघाली.

औषधाच्या दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर वेलीच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात लाल फुली. "हे औषध आमच्याकडे नाही," तो म्हणाला. वहिनीनं त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा गोळ्या मोजायला लागला. शेवटी उमगलं: या खेपेला ईमेलमध्ये चित्राचा नुसता पत्ता गेला होता, चित्र छापखान्याच्या कॉम्प्युटरवरच बसून होतं. पाहुणे पोचले आणि सामान घरीच राहिलं! मग चित्र ईमेलच्या पोटातच घालून पाठवलं, तेव्हा फुलं उमलली.

शिंपीणबाईंच्या कॉम्प्युटरवर तर नुसती अक्षरं. त्यांनी साध्या मजकुराचीच सोय ठेवली होती, तिथं नक्षी येणारच नव्हती. मी म्हटलं, सोड. पण वहिनीनं घरी येऊन सगळा मजकूर नव्यानं मांडला. "नक्षी दिसली नाही तरी वाचणाऱ्याला अडता कामा नये." अक्षरांचा निळा रंग फुलांत बुडत होता, तोही काळा केला.

छापखान्याच्या कॉम्प्युटरवरून आमंत्रणं गेली त्या दिवशी मी रजा टाकून तिथं जाऊन बसले. काय करणार, ऑफिसात लक्ष लागेना. पहिलंच उत्तर आलं: "आमंत्रण पोचलं. फुलं असतील म्हणालात, इथं तर काहीच नाही." मालकानं वहिनीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला. म्हणजे इथंही शिंपीणबाईंसारखीच साध्या मजकुराची सोय!

मग दुसरं आलं, तिसरं आलं, आणि उत्तरांची रीघ लागली. बहुतेकींनी नुसतं उत्तराचं बटण दाबलं होतं, त्यामुळे वहिनीची वेल त्यांच्या उत्तरांतही आली होती. आणि म्हाताऱ्या नर्सबाया त्या, एकदा लिहायला लागल्या की थांबतात कुठल्या! रात्रपाळ्या, वॉर्डातली भांडणं, मेट्रनबाईंची बोलणी, सगळं आलं. मजकूर जसा लांबला, तशी वेल कडेनं चालतच राहिली.

मेट्रनबाईंचं उत्तर सगळ्यात लांब. शेवटी लिहिलं होतं, "गुडघे चालू देतात तोवर येईन. आणि हा कागद मला कोरा पाठवा, यापुढे सगळ्यांना यावरच लिहीन."

मालक पुढं वाकून ते खाली खाली नेत होता. "सांधा कुठंय हो, नक्षीताई?"

"शोधा."

त्यानं पुन्हा वर नेलं, पुन्हा खाली आणलं. चष्मा पुसला. सापडला नाही. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "टेबल राहिलं. बाइंडिंगवाल्यांना निरोप पाठवतो."

"निरोप कशाला? मी सांगते ना!"

आणि निघाली ती तरातरा जिना उतरून. मी मागोमाग. बाइंडिंगच्या लोकांनी चांगुलपणानं तिच्यासाठी जागा करून ठेवली होती: खिडकीजवळ एक स्टूल, त्यावर धुतलेला ॲप्रन. वहिनीनं ॲप्रनची घडी करून तिथल्या मिस्त्रींच्या हातात दिली. "तुमचे उपकार आहेत. पण मी येत नाही." आणि स्टूल उचललं.

"अहो ताई, ते आमचं आहे!" मिस्त्री म्हणाले.

"होतं," ती म्हणाली.

ते स्टूल डोक्याच्या वर धरून ती जिना चढली, आणि तिच्या टेबलाच्या शेजारी मालकासमोर ठेवलं. "यापुढं प्रूफ बघायचं असेल तर इथं येऊन बसायचं."

मालक उठला आणि खरंच येऊन बसला. मला इतकं भरून आलं, की मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "माझी वहिनी आहे ती!"