अकरा मडकी

भाट्याच्या नागवेकरांच्या घरात बाईमाणसाने माडीच्या मडक्याला हात लावायचा नाही, असा दंडक होता. कारण विचारलं तर म्हातारा महिपत म्हणायचा, "आमच्यात तसंच." दंडक पाळायचा आणि कारण मात्र गिळून बसायचं, ही पुरुषांची खोड काही नागवेकरांपुरती नाही. पण त्यांच्या घरात ती अंगाशी आली.

तुळसा या घरची सून. लांज्याकडच्या एका वाडीतून ती एकोणऐंशी साली लग्न होऊन आली. माहेरही माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांचंच, पण तिथले बाप्ये सगळे मुंबईला, त्यामुळे माडावर चढणारा माणूस तिने पाहिला तो थेट सासरी. सासू आधीच वारलेली होती. नवरा शिवा मुंबईच्या गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीचा भोंगा काही पुन्हा वाजला नाही, तेव्हा वर्षभर वाट बघून तो ट्रंक घेऊन परत आला आणि बापाच्या जोडीने माड चढू लागला. लहानपणी चढलेला असल्यामुळे पाय विसरले नव्हते.

काम मोठं किचकट. दिवसातून तीनदा वर चढायचं, न उमललेल्या पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक कागदाइतकं पातळ कापायचं आणि खाली मडकं अडकवायचं. त्यात थेंब थेंब रस गळतो. गळताना तो गोड असतो आणि मडक्यात राहून आंबला की माडी होते. नागवेकरांची माडी आंबट-गोड, जिभेला किंचित चावणारी आणि वासाला पिकल्या फणसासारखी. राजिवड्याचे खलाशी दुसऱ्या दोन दुकानांवरून पुढे चालत येऊन महिपतच्या परवान्याच्या खोपटात बसायचे, ते या चवीसाठी.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत महिपत तापाने अंथरुणाला खिळला. चढण्याचं काम शिवाने सांभाळलं, पण रिकामी झालेली मडकी तो विहिरीपाशी तशीच टाकून ठेवायचा. तुळसा ती रोज बघायची. आत तपकिरी थर बसलेला, तळाला गाळ, त्यात मेलेल्या मधमाश्या. तिच्या माहेरी भांडं असं कुणी दोन तास ठेवलं असतं तर तिच्या आईने घर डोक्यावर घेतलं असतं. चौथ्या दिवशी दंडक असूनही तिच्याने राहवेना. सासरा आजारी, नवरा दमलेला, मग आपण नाही करायचं तर कुणी? तिने बंबभर पाणी तापवलं, राख आणि काथ्या घेतला आणि अकराच्या अकरा मडकी घासली. उन्हात वाळवली. कुंभाराकडून आजच आणल्यासारखी लाल निघाली. तिला मनातून बरं वाटलं, हे ती पुढे कबूल करायची.

त्याच संध्याकाळी ताप उतरल्यावर महिपत काठी टेकत विहिरीपाशी आला. त्याने एक मडकं उचललं, आत नाक घातलं आणि तसाच उभा राहिला.

"कोनी धुतलीन ही?"

"मी," तुळसा म्हणाली.

तो ओरडला असता तर तिला चाललं असतं. "बरं," एवढंच म्हणून तो घरात गेला.

शिवाने रात्री जेवताना तिला समजावलं, आणि त्यालाही ते अर्धंच ठाऊक होतं. मडकं नुसतं विसळायचं असतं. आतला थर म्हणजे विरजण. आज्याच्या वेळेपासून, नवं मडकं आलं की जुन्यातला गाळ त्यात फिरवायचा आणि मगच ते माडावर न्यायचं. मडकी फुटत गेली, विरजण तेच राहिलं.

"मग हे मला पाच वर्सांत कोन बोललं?" तुळसाने विचारलं.

शिवाने भात कालवला.

पहिले दोन दिवस मडक्यांत गोडमिट्ट रसच राहिला. मग तो आंबला, कारण रस आपसूक आंबतोच, पण चव भलतीच. तोंडाला चिकटणारी आणि मागून कडवट. आठवडाभर सगळ्यांनी वाट पाहिली. मग खोपटात बसलेला रघू तांडेल पेला खाली ठेवून म्हणाला, "महिपतशेट, पानी घालूक लागलात काय?" चाळीस वर्षांत महिपतला हे कुणी म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकं हळूहळू अलीकडच्या दुकानांत थांबू लागली. शेजाऱ्याचं विरजण आणावं, तर माडीही शेजाऱ्याची होणार. महिपत एका संध्याकाळी शिवाला म्हणाला, "चैतापर्यंत बघू. नायतर परवाना परत करू नि माड नारळाला सोडू. तू मुंबयला कायतरी बघ." तुळसा चुलीपाशी होती. तिने ऐकलं. तीन पिढ्यांचा धंदा आपल्या दोन हातांनी घासून काढला, हे तिला त्या दिवशी नीट कळलं आणि ती पोटभर रडली.

रडून झाल्यावर तिचं डोकं चालू लागलं. महिपतची बहीण हौसा अंजनवेलला दिलेली. मागच्या गणपतीत ती आली तेव्हा तांदळाच्या जाळीदार खापरोळ्या करून आणल्या होत्या. महिपतने पाच खाल्ल्या होत्या आणि म्हणाला होता, "आयशीच्या हातची चव." डब्याचं झाकण उघडल्यावर आलेला वास तुळसाला आठवला. पिकल्या फणसाचा. पीठ फुगवायला हौसाआत्या माडी घालते, हे उघड होतं. पण कुठली?

सकाळी ती शिवाला सांगून निघाली. जयगडपर्यंत एसटी, होडीने खाडीपलीकडे, पुन्हा एसटी. अंजनवेलला पोचेपर्यंत दुपार टळली होती. हौसाने तिला आधी पेज वाढली आणि मग सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर ती चुलीमागे गेली आणि फडकं बांधलेलं एक बुडकुलं घेऊन आली.

"चवदा वर्सांची होती मी लगीन झालं तवा," ती म्हणाली. "आयशीन् मडक्यातला गाळ करवंटीत काढलान नि माझ्या लुगड्यात बांधून दिलान. बाबा झोपलेलं होतं. तिलाबी हात लावायची बंदी होती ना. तवापास्नं दर सोमवारी शेजारच्या माडाचा रस घालतंय ह्यात. बाबा बोलायचं, बायकांचा हात लागला की माडी नासते. माझी कदी नासली नाय."

"मामंजींना सांगितलंत नाय कदी?"

"त्यान् कदी इचारलान नाय," हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. होती ती जुनी, मुरलेली खंत. अर्धं विरजण तिने दुसऱ्या मडक्यात ओतलं. "तोंड घट्ट बांधू नको गो. फसफसून फुटेल."

परतीच्या एसटीत मडकं तुळसाच्या मांडीवर होतं. वळणावळणाला त्याला फेस येत होता. कंडक्टर दोनदा नाक मुरडून गेला आणि तिसऱ्यांदा त्याने खिडकीजवळची जागा दिली.

हौसाआत्याकडचं विरजण आहे असं बापाला सांगून शिवाने ते अकरा मडक्यांत फिरवलं. सहाव्या दिवशी महिपतने करवंटीत माडी ओतली आणि घोट घेतला. दुसरा घोट घेतला. शिवा आणि तुळसा समोर उभी होती. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

"हौसा काय बोलली?" त्याने विचारलं.

तुळसाला गोड काहीतरी सांगता आलं असतं. पण या घरात न सांगितलेल्या गोष्टींनी एकदा वाटोळं केलं होतं. तिने आजेसासूच्या करवंटीपासून सोमवारच्या रसापर्यंत सगळं सांगितलं. बंदीचंही सांगितलं. त्याने बहिणीला कधी विचारलं नाही, हेही सांगितलं. ऐकून झाल्यावर उरलेली माडी तशीच ठेवून महिपत माडांच्या वाडीत निघून गेला आणि दिवेलागणीला परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तुळसाला विहिरीपाशी हाक मारली. मडकी ओळीने मांडलेली होती.

"बस," तो म्हणाला. "शिवाला माड कळतो, मडकं नाय कळत. पानी किती घ्यायचं, कितींदा फिरवायचं, गाळ किती ठेवायचा, सगळं बघून घे. नाय कळलं तर इचार."

तुळसा बसली, पण हात पुढे होईना. पाच वर्षांची सवय होती.

"माझ्या आयशीला सोताच्या घरात चोरी करावी लागली," म्हातारा म्हणाला आणि त्याने पहिलं मडकं तिच्या हातात दिलं.